पूल खालीच राहू दे

दीपेशमामाने स्टुटगार्टहून किल्ला धाडला.
पुठ्ठ्याचे तट, लाकडी बुरूज, दोऱ्याने ओढायचा पूल,
आणि नियमांची पुस्तिका, अथपासून इतिपर्यंत जर्मनमध्ये.
तेव्हापासून नियम चार्वीकडे आहेत.
ती साडेपाच वर्षांची आहे
आणि कायदा तिला तोंडपाठ आहे.

टीपॉयवरचा रिमोट, लाइटबिल, माझा चष्मा
सगळं खाली फरशीवर जातं.
या टोकाला तिचा किल्ला,
त्या टोकाला, फरसाणाच्या रिकाम्या डब्याआड,
माझं अकरा जणांचं सैन्य.
बारावा गणपतीच्या आधी सोफ्याच्या फटीत गेला.
तो रजेवर आहे.

दारूगोळा म्हणजे उसळीसाठी काढलेले हरभरे.

फासा पडतो. चार.
माझा घोडेस्वार पुलाशी पोचतो.
'थांब. टोल.'
'अगं, छोट्या गाड्यांना माफ झालाय आता,
आपल्या ऐरोलीच्या पुलावर बघितलंस ना?'
ती वाकून घोडा पोटाखालून तपासते.
'ही छोटी नाहीये. हिला चार पाय आहेत.'
मी एक चुरमुरा भरतो. पावती मागतो.
ती माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिते,
बराच वेळ,
खाली सही करते.

खिडकीत सेक्टर आठचे दिवे,
त्यापुढे तिवरांचा काळोख, विजेचे मनोरे,
मग खाडी, मग मुलुंड.
तिथे कुठल्याशा वॉर्डात तिची आई
सलाईनचे थेंब मोजत उभी असेल.

मी हरायचं ठरवून खेळतो.
युद्धातलं मला तेवढंच येतं.
नेम तटाच्या वीतभर वर,
हरभरे एकामागून एक टीव्हीमागे.
तिसऱ्याला ती गोफणीवर हात ठेवते.
'बाबा, तू खोटं हरतोयस.'
'नाही गं.'
'हरतोयस. आई मला खरं हरवते.'

मग मी खरं मारलं.
एका हरभऱ्यात कोपऱ्याचा बुरूज,
राणी, दोन भालेवाले आणि तटाचा निम्मा भाग.
पुठ्ठाच तो, पण आवाज मोठा झाला.
तिचा खालचा ओठ बाहेर आला, हलला,
आणि माझा उजवा हात
मला कुणा परक्याचा वाटला.

रडली नाही.
पडलेल्यांना एकेक करून उचललं,
सोफ्यावरच्या उशीखाली नेऊन ओळीत निजवलं.
राणीला मध्ये, जरा जास्त जागा देऊन.
मी हळूच विचारलं, 'मेले?'
'नाही रे. नाईटला गेलेत.
सकाळी येतील.'

साडेनऊ. दात. पाणी. पुन्हा पाणी.
किल्ला खोक्यात बसतो,
पण पूल वर ओढून घेतला तरच.
मी दोरा धरला
आणि आतल्या खोलीतून, अर्ध्या झोपेतून, हुकूम आला:
'पूल खालीच राहू दे.
येणाऱ्यांनी मग कुठून यायचं?'

तिची ड्यूटी असते त्या रात्री
मी दाराची वरची कडी लावत नाही.
हे मी कधी कुणाला बोललेलो नाही.

पावणेआठला लॅचमध्ये किल्ली फिरली.
पर्स, रिकामा डबा, अंगाला स्पिरिटचा वास,
रात्रभर उभं राहिलेले पाय.
बूट न काढताच ती टीपॉयशी वाकली,
पुलावरचा माझा चुरमुरा
उचलून तोंडात टाकला. मऊ पडला होता.
मग तिरकी झालेली उशी दिसली,
तिने कोपरा वर केला, बघितलं,
आणि कुणी जागं होऊ नये अशी
परत ठेवून दिली.

'डाव कुणाचा आहे?' तिने विचारलं.